डोंगराआडचा देश आणि तीन सायकली

१

सायकलीवरून केलेल्या प्रवासांची वर्णने वाचताना एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. या वर्णनांतला प्रवासी कितीही एकटा आणि कितीही स्वच्छंद असला, तरी त्याला रस्ता लागतो. पायी चालणारा पाऊलवाटेने जातो. घोडेस्वार नदीच्या पात्रातून वाट काढतो. खेचर कड्याच्या कडेने ओझे घेऊन चालते. सायकलीला मात्र निदान हातभर रुंदीची, बऱ्यापैकी टणक अशी पट्टी हवी असते. ती संपली की वाहन स्वाराच्या खांद्यावर येते. सपाट मुलखात अशी पट्टी बैलगाड्यांच्या येण्याजाण्यानेही तयार होते; डोंगरात ती कोणीतरी खोदावी लागते. खोदणारी सत्ता मग तिच्यावर पूल बांधते, नाके बसवते आणि नाक्यावरून कोणाला पुढे सोडायचे हेही ठरवते.

म्हणून डोंगराळ प्रदेशातील सायकलप्रवासाची पुस्तके वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवावेत असे मला वाटते. हा रस्ता कोणी बांधला? आणि या प्रवाशाला त्यावरून जाऊ कोणी दिले? स्वातंत्र्य, धाडस, निसर्गाशी एकरूपता ही या वाङ्मयप्रकाराची लाडकी मूल्ये. या दोन प्रश्नांच्या उजेडात ती खोटी ठरत नाहीत, पण त्यांच्यामागची उसनवारी दिसू लागते.

या दृष्टीने पाहण्याजोगा देश म्हणजे अफगाणिस्तान. मधोमध हिंदुकुश आणि कोह-इ-बाबा यांच्या रांगा, त्यांच्या कडांनी हेरात, कंदाहार, काबूल, बल्ख ही जुनी शहरे, आणि शहरांना जोडणाऱ्या वाटा हिवाळ्यात बर्फाखाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी बाबर ऐन हिवाळ्यात हेरातहून मधल्या डोंगरांतून काबूलला परतला. बर्फ तुडवत वाट काढणाऱ्या त्या दिवसांचे वर्णन त्याच्या आत्मचरित्रातील अविस्मरणीय भागांपैकी आहे. त्यानंतरच्या साडेतीनशे-चारशे वर्षांत या वाटांत फारसा फरक पडला नव्हता. अशा देशात सायकल नावाची युरोपीय वस्तू शिरू पाहते तेव्हा काय घडते, हे १८८६, १९३३ नंतरची वर्षे आणि १९६३ अशा तीन टप्प्यांवर पाहता येते.

२

पहिली सायकल आली ती उंच चाकाची. टॉमस स्टीव्हन्स हा मूळचा इंग्रज, तरुणपणी अमेरिकेत स्थायिक झालेला. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. पुढचे चाक पन्नास इंच व्यासाचे, मागचे चिमुकले, टायर भरीव रबराचे. सामानात मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण या दोन्ही कामी येणारा पावसाळी कोट आणि एक छोटे पिस्तूल. अमेरिका ओलांडून तो इंग्लंडला गेला, युरोप आणि तुर्कस्तान पार करून इराणमध्ये पोहोचला आणि १८८५-८६ चा हिवाळा त्याने तेहरानमध्ये काढला. या प्रवासाचे वृत्तान्त ‘आउटिंग’ या अमेरिकी मासिकातून प्रसिद्ध होत होते आणि ते मासिक सायकलींच्या कारखानदाराच्या मालकीचे होते. म्हणजे साहसकथा आणि जाहिरात यांची गाठ आरंभापासूनच पडलेली होती.

अशा सायकलीवर डोंगर चढणे कष्टाचे, पण उतरणे त्याहून धोक्याचे. स्वार मोठ्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसलेला असतो. वाटेतल्या एखाद्या धोंड्याला चाक अडले की तो हँडलवरून थेट तोंडावर आपटतो. तरीही स्टीव्हन्सचा रस्ता अखेर अडवला तो धोंड्यांनी नव्हे. रशियाने त्याला आपल्या मुलखातून जाऊ दिले नाही. तेव्हा मार्च १८८६ मध्ये तो तेहरानहून निघाला आणि परवान्याशिवायच अफगाण हद्दीत शिरला. फराह येथे त्याला अटक झाली. तेथून पहाऱ्यात हेरातला आणि हेरातहून पुन्हा इराणच्या सरहद्दीवर त्याची रवानगी झाली. तेथून कॉन्स्टँटिनोपलच्या मार्गाने, जहाजाचा आधार घेत, तो हिंदुस्थानात आला. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सायकल चालवून तो पुढे चीन आणि जपानला गेला. डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला त्याचा प्रवास संपला. सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव झाले. त्या प्रदक्षिणेत अफगाणिस्तानच्या जागी एक भगदाड राहिले.

हे भगदाड कशामुळे, हे त्या वर्षांकडे पाहिले की कळते. दुसरे इंग्रज-अफगाण युद्ध १८८० मध्ये संपले होते. देशाचे परराष्ट्रधोरण इंग्रजांच्या हाती गेले होते. आतला कारभार अमीर अब्दुर रहमान खान कठोरपणे चालवत होता. मार्च १८८५ मध्ये पंजदेह येथे रशियन फौजेने अफगाणांचा पराभव केला आणि रशिया व इंग्लंड युद्धाच्या कडेला येऊन पोहोचले. लगोलग संयुक्त सीमा आयोग त्याच भागात खुणेचे खांब रोवीत फिरत होता. अशा वेळी हेरातच्या दिशेने एकटाच येणारा, विचित्र यंत्रावर बसलेला, खिशात नोंदवही बाळगणारा गोरा माणूस स्थानिक अंमलदाराला काय वाटला असेल? त्याला परत धाडण्यात अंमलदाराचा आडमुठेपणा दिसत नाही, व्यवहार दिसतो. परका माणूस आपल्या हद्दीत मेला तर त्याची किंमत काय मोजावी लागते, हे अफगाणांना दोन युद्धांनी शिकवले होते.

स्टीव्हन्सच्या दोन खंडांच्या पुस्तकात अफगाणिस्तानची प्रकरणे रंजक आहेत, परंतु त्यांतला देश कैद्याच्या नजरेतून दिसलेला आहे. त्याला हेरात शहराच्या आत प्रवेशही मिळाला नाही. देश पाहायला निघालेल्याला देशानेच नजरकैदेत ठेवून न्याहाळावे, असा हा उलटा प्रसंग आहे. पाहण्याचा हक्क आपलाच, हे त्या काळच्या युरोपीय प्रवाशाचे गृहीतक. इथे ते काही आठवड्यांपुरते मोडले, आणि स्टीव्हन्सच्या लेखनातला चिडका सूर बहुधा त्यामुळेच.

३

स्टीव्हन्सनंतर सायकलीचे रूप पालटले. १८८५ मध्ये स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली. तिची दोन्ही चाके सारख्या आकाराची होती आणि साखळी मागच्या चाकाला जोडलेली होती. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. आता डोंगर उतरताना मान मोडण्याची भीती उरली नाही. परिणामी १८९० च्या दशकात आशिया ओलांडणाऱ्या सायकलस्वारांची रीघ लागली. ॲलन आणि सॅक्टलबेन या दोन अमेरिकी पदवीधरांनी तुर्कस्तानात अरारात पर्वत चढून, इराण आणि रशियाच्या ताब्यातील मध्य आशिया पार करून, गोबीमार्गे १८९२ मध्ये पेकिंग गाठले. जॉन फॉस्टर फ्रेझर आणि त्याचे दोन साथीदार १८९६ ते १८९८ या काळात इराण, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन असे फिरले. फ्रँक लेन्झ हा अमेरिकी तरुण १८९४ मध्ये ऑटोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील डोंगरांत मारला गेला. त्याचा माग काढायला सॅक्टलबेन पुन्हा त्या मुलखात गेला.

या सर्वांच्या मार्गांच्या रेषा नकाशावर काढल्या तर त्या अफगाणिस्तानजवळ येऊन वाकतात. कोणी उत्तरेकडून रशियन प्रदेशातून जातो, तर कोणी दक्षिणेला समुद्र गाठून बोटीने कराचीला येतो. यंत्र सुधारले होते; रस्ता आणि परवाना या दोन्ही गोष्टी मात्र होत्या तिथेच होत्या. अमीर अब्दुर रहमानने रेल्वे आणि तारायंत्र देशात येऊ दिले नाही. इंग्रजांनी खोजकचा डोंगर पोखरून चमनपर्यंत रूळ आणले तेव्हा तो बोगदा त्याला आपल्या पोटावर रोखलेल्या सुरीसारखा वाटला. दुर्गमता ही आपण सहसा निसर्गाची देणगी समजतो. इथे ती राज्याने जाणीवपूर्वक राखलेली संरक्षणव्यवस्था होती. ज्या रस्त्याने व्यापारी येतो त्याच रस्त्याने तोफ येते, हे गणित अमिराला पक्के ठाऊक होते. ‘अस्पर्श’, ‘आदिम’, ‘काळ थांबलेला’ अशी विशेषणे प्रवासवर्णनांत भेटली की हे गणित आठवावे.

४

दुसऱ्या टप्प्याचा आरंभ मुंबईत होतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पूर्ण केला आणि मार्च १९२८ मध्ये ते परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरच्या या प्रवासात तेही अफगाणिस्तानात शिरले नाहीत. पंजाबातून बलुचिस्तान आणि तेथून इराण, असा वळसा त्यांनी घेतला. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले. पाच खंडांतून सुमारे ८४,००० किलोमीटर अंतर कापून ते १९४२ मध्ये परतले. या तिघांनी मात्र अफगाणिस्तानातून सायकल नेली आणि त्या प्रवासावर एक स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले: ‘पेडलिंग थ्रू दि अफगाण वाइल्ड्स’.

मधल्या काळात काय बदलले होते? १९१९ च्या तिसऱ्या युद्धानंतर अफगाणिस्तान आपल्या परराष्ट्रव्यवहाराचा स्वतः धनी झाला. अमानुल्लाने वकिलाती उघडल्या, मोटारी आणल्या, रस्त्यांची स्वप्ने पाहिली; १९२९ च्या बंडात त्याचे राज्य गेले. पुढे नादिरशाहाच्या कारकिर्दीत शिबर खिंडीतून हिंदुकुश ओलांडणारा मोटारीचा रस्ता १९३३ मध्ये पुरा झाला. जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवरच्या त्या खिंडीतून काबूल प्रथमच उत्तरेकडील प्रांतांशी चाकांनी जोडले गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये नादिरशाहाचा खून झाला आणि एकोणीस वर्षांचा झाहिरशाह गादीवर आला. याच सुमारास रॉबर्ट बायरन हा इंग्रज लेखक या मुलखात हिंडत होता. त्याचे १९३७ चे ‘द रोड टू ऑक्सियाना’ हे पुस्तक इंग्रजी प्रवासवाङ्मयात अभिजात मानले जाते. बायरन सर्वांना ठाऊक आहे. त्याच दशकात त्याच देशातून पायडल मारत गेलेले मुंबईचे तिघे मात्र वाङ्मयेतिहासात जवळजवळ कोठेच भेटत नाहीत.

त्यांच्याकडे लक्ष द्यावे असे एक कारण त्या शीर्षकातच आहे. ‘वाइल्ड्स’ म्हणजे रानटी, निर्जन मुलूख. हा शब्द या तरुणांचा नव्हे. तो इंग्रजी साहसकथांच्या कोठारातून उचललेला आहे. साम्राज्याची प्रजा असलेले हे प्रवासी साम्राज्याच्या भाषेत शेजारच्या स्वतंत्र देशाला ‘रान’ म्हणतात, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. पण तेवढ्यावर निकाल देणेही घाईचे होईल. पृथ्वीप्रदक्षिणा ही गोऱ्या माणसाची मिरासदारी समजली जात होती, त्या काळात हिंदी तरुणांनी तीच प्रदक्षिणा त्याच यंत्रावर बसून करून दाखवणे हे एक विधान होते. आणि ते विधान जगाला ऐकू जाण्यासाठी त्या शैलीचेच इंग्रजी हाताशी होते. पारशी तरुणांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. अवेस्तातील वेंदिदादच्या पहिल्या प्रकरणात अहुर मज्दाने निर्माण केलेल्या प्रदेशांची यादी येते. त्यांत ‘बाख्धी’ म्हणजे बल्ख आणि ‘हरोयु’ म्हणजे हेरात ही नावे आहेत. स्टीव्हन्सला ज्या हेरातच्या बाहेर रोखले होते, ते शहर या तिघांच्या धर्मग्रंथातील भूगोलाचा भाग होते. शीर्षक त्याला रान म्हणते, परंपरा त्याला मूळभूमीत गणते. या दोन दृष्टींच्या ओढाताणीतून ते पुस्तक वाचायला हवे.

पासपोर्टाचा प्रश्न इथेही आहेच. हे तिघे ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन म्हणून सरहद्दी ओलांडत होते. ज्या सत्तेने स्वदेशात त्यांना दुय्यम ठरवले होते तिचेच शिक्के परदेशात त्यांना वाट उघडून देत होते. मराठी अभ्यासकांना हे अनुभवविश्व परके वाटू नये. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून आपल्याकडे रस्त्यावर कोणाचा अंमल आहे हे पाहतच माणसे लिहीत आली आहेत. मुंबईतून निघालेल्या या सायकलस्वारांनी इंग्रजीत लिहिले म्हणून मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत त्यांची नावे सहसा येत नाहीत. ज्या शहरात आपल्या वाङ्मयाची छापखान्यांपासूनची घडण झाली, त्या शहराच्या प्रवाससंस्कृतीचा हा एक भाग होता, एवढी तरी त्याची नोंद असावी.

५

तिसरी सायकल डर्व्हला मर्फी या आयरिश स्त्रीची. तिचा जन्म १९३१ मध्ये लिझमोर गावी झाला. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशापुस्तक भेट मिळाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने सायकलीवरून हिंदुस्थानला जायचे मनाशी ठरवले. प्रत्यक्षात निघायला एकवीस वर्षे लागली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तिला अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करावी लागली. १९६१ मध्ये वडील आणि १९६२ मध्ये आई वारली, आणि जानेवारी १९६३ मध्ये ती निघाली. युरोपातला तो हिवाळा कित्येक वर्षांतला सर्वांत कडक होता. मोकळीक मिळाल्यावर ऋतू बदलेपर्यंतही थांबायची तिची तयारी नव्हती.

तिची सायकल ‘आर्मस्ट्राँग कॅडेट’ बनावटीची, पुरुषांच्या वापराची. दोन किहोतेच्या घोड्यावरून तिने तिचे नाव ‘रोझिनांते’ ठेवले होते, लाडाने ‘रोझ’. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक गिअर टिकणार नाहीत म्हणून निघण्यापूर्वी ते तिने काढून टाकले. जादा टायर वाटेतल्या ठिकाणी आधीच पाठवून दिले. यंत्र जितके साधे तितके वाटेवरच्या लोहाराला दुरुस्त करता येण्याजोगे, असा त्यामागचा हिशेब. सोबत पिस्तूल होते आणि ते तिला वापरावेही लागले. सुरुवातीला ती मित्रांना पत्रे लिहीत होती. युगोस्लाव्हियापासून तिने रोजनिशी ठेवायला सुरुवात केली. तीच रोजनिशी १९६५ मध्ये ‘फुल टिल्ट’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

पुस्तकाचे रूप आणि सायकलीची गती यांचा इथे जवळचा संबंध आहे. मोटारीतून जाणारा लेखक दोन शहरांमधला मुलूख एका परिच्छेदात गुंडाळू शकतो. सायकलस्वाराला प्रत्येक चढ शरीराने मोजावा लागतो आणि रात्र जिथे पडेल तिथे काढावी लागते. त्यामुळे दिवस हेच मर्फीच्या लेखनाचे एकक आहे. ऊन, तहान, चहा, झोपायला मिळालेली जागा, टायरची अवस्था हे तपशील वारंवार येतात आणि त्यांच्या पुनरावृत्तीतूनच लय तयार होते. आणखी एक परिणाम म्हणजे यजमानावरचे अवलंबित्व. सायकलीवर फारसे अन्न नेता येत नाही. खेडे जे देईल ते खायचे. स्टीव्हन्सच्या वर्णनात अफगाण माणूस हा पहारेकरी आहे. मर्फीच्या वर्णनात तो बहुतेक वेळा यजमान आहे, आणि तिने त्याच्यावर मनापासून जीव लावला. तिला त्या प्रवासातली सर्वांत मोठी दुखापत अफगाणिस्तानात झाली खरी, पण ती सायकलीवर नव्हे. बसमधल्या गडबडीत बंदुकीच्या दस्त्याचा फटका बसून तिच्या तीन बरगड्या मोडल्या. त्यानेही देशावरचे तिचे मत बदलले नाही.

बामियानला ती पोहोचली तेव्हा कड्यात कोरलेल्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आपल्या जागी उभ्या होत्या. पुढे पाकिस्तानात गिलगिटकडून ४,१७३ मीटर उंचीची बाबुसर खिंड ओलांडताना बर्फातून तिला रोझला ओढत आणि उचलत न्यावे लागले. काराकोरम महामार्ग तेव्हा झालेला नव्हता. लेखाच्या आरंभी म्हटलेली अवस्था, वाहन स्वाराच्या खांद्यावर, इथे अक्षरशः येते. रस्ता संपला की सायकलप्रवासातली सर्वांत प्रांजळ पाने सुरू होतात, कारण तिथे लेखकाला उसन्या सोयीशिवाय डोंगराला सामोरे जावे लागते.

तरीही ‘फुल टिल्ट’मधली एक विसंगती डोळसपणे वाचली पाहिजे. मर्फीला यंत्रयुगाचा, मोटाररस्त्यांचा, परकीय मदतीने येणाऱ्या ‘प्रगती’चा राग होता. अफगाणिस्तान या सर्वांपासून दूर आहे म्हणून तिला प्रिय होता. परंतु तिचे १९६३ हे वर्ष कोणते होते? शीतयुद्धातल्या दोन्ही महासत्ता त्या देशात अहमहमिकेने रस्ते बांधत होत्या. हेरात ते कंदाहार हा भाग सोव्हिएत संघाकडे, कंदाहार ते काबूल हा अमेरिकेकडे. हिंदुकुशाखालून सालंगचा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा बोगदा सोव्हिएत अभियंते खणत होते. तो १९६४ मध्ये खुला झाला. अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यातली १९६१ पासून बंद असलेली सरहद्द १९६३ मध्येच पुन्हा उघडली. म्हणजे मर्फीला जो अस्पर्श देश भेटला तो दोन बांधकामांच्या मधल्या फटीतला देश होता. आणि तिची तक्रार नंतर एका अर्थाने खरी ठरली: १९७९ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा आल्या त्या याच सालंगच्या रस्त्याने. अमीर अब्दुर रहमानचे गणित आणि आयरिश प्रवासिनीची हळहळ, इतक्या वेगळ्या दोन जागांवरून निघून एकाच निष्कर्षाला पोहोचतात.

तिच्या मोकळेपणाबद्दलही तोच प्रश्न विचारायला हवा. १९५९ मध्ये दाऊद यांच्या सरकारने पडद्याची सक्ती सोडली होती, पण तो बदल काबूलच्या वरच्या थरापलीकडे फारसा गेलेला नव्हता. खेड्यातली स्त्री सायकलीवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. परक्या स्त्रीला मात्र अशा समाजात दुहेरी प्रवेश असतो: पुरुषांच्या बैठकीत ती पाहुणी म्हणून बसते आणि घराच्या आतल्या भागात बाई म्हणून जाते. मर्फीने हा प्रवेश सहृदयतेने वापरला. वर्षानुवर्षे घरात अडकलेल्या मुलीला आपले स्वातंत्र्य हिंदुकुशात सापडावे, आणि त्याच हिंदुकुशातल्या तिच्या वयाच्या स्त्रीला ते घराच्या अंगणापर्यंतही मिळू नये, हा विरोध पुस्तकात कोणी ठसवून मांडलेला नाही. तरी तो पानापानाखालून वाहतो.

६

१९७८ पासून युद्ध सुरू झाले आणि सायकलींच्या रेषा पुन्हा वाकल्या. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग सायकलस्वारांसाठी उघडला. १९३० च्या दशकात सोव्हिएत सत्तेने लष्करी गरजेतून बांधलेला हा रस्ता अक-बैतल खिंडीत ४,६५५ मीटरवर चढतो. त्याच्या एका भागात पंज नदीच्या काठाने जाताना पलीकडच्या तीरावर अफगाण खेडी, गाढवांच्या वाटा, शेतांचे चिमुकले तुकडे दिसत राहतात. अफगाणिस्तान आता समोरच्या काठावरून पाहण्याचा देश झाला. हा वळसाही निर्धोक ठरला नाही. २९ जुलै २०१८ रोजी ताजिकिस्तानच्या दंगारा भागात सायकलस्वारांच्या एका गटावर मोटार घालून हल्ला झाला आणि चार परदेशी प्रवासी मारले गेले.

मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या गेल्या. तालिबानची पहिली राजवट त्याच वर्षी कोसळल्यावर तिथे एक गोष्ट घडली, जी वर सांगितलेल्या तिन्ही पुस्तकांत कल्पनेतही नव्हती. बामियान प्रांताला २००५ मध्ये हबीबा सराबी या देशातल्या पहिल्या स्त्री राज्यपाल मिळाल्या, आणि २०१० नंतरच्या दशकात त्या प्रांतातल्या आणि काबूलमधल्या मुली सायकली चालवू लागल्या. शिव्या आणि दगड त्यांना चुकले नाहीत. फरयाब प्रांतातल्या फरिबा आणि युल्दुझ हाशिमी या बहिणींनी आपली पहिली शर्यत ओळख लपवून लढवली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर अनेकींना देश सोडावा लागला. या दोघी इटलीत गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अफगाण स्त्रियांची राष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली ती स्वित्झर्लंडमधल्या एग्लला, आल्प्सच्या पायथ्याशी. सुमारे पन्नास जणी त्यात उतरल्या आणि फरिबा पहिली आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोघी बहिणी सायकलीच्या शर्यतीत होत्या.

दरम्यान परदेशी पर्यटक अफगाणिस्तानात पुन्हा जाऊ लागले आहेत. त्यांत सायकलस्वारही आहेत. बामियानजवळच्या बंद-ए-अमीरच्या निळ्या सरोवरांपर्यंत रस्ता आहे आणि व्हिसा घेतलेली परदेशी स्त्री त्या देशात हिंडू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच सरोवरांच्या राष्ट्रीय उद्यानात अफगाण स्त्रियांना मज्जाव करण्याचे तालिबानच्या मंत्र्याने जाहीर केले.

दुर्गम डोंगरांतल्या सायकलप्रवासाची पुस्तके आजवर बहुतांशी परक्यांनी लिहिली, कारण तिथून पुढे निघून जाण्याची मुभा परक्यालाच होती. स्टीव्हन्सला परत पाठवले गेले तेव्हा त्याच्याकडे परत जायला जागा होती. मुंबईच्या तिघांना घर होते, मर्फीलाही लिझमोर होते. मे २०२२ मध्ये तिचे निधन झाले तेही तिथेच. एग्लच्या रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही दिशा उलटलेली आहे. त्यांच्यासाठी परदेशचा डोंगर मोकळा आहे आणि बंद आहे तो घरचा. त्यांच्यापैकी एखादीने दारी किंवा उझबेक भाषेत आपला प्रवास लिहिला, तर या वाङ्मयप्रकाराला निराळे वळण लागेल. त्यात खिंडीची उंची आणि टायरची अवस्था येईलच. पण गावातल्या मैदानावर पहिल्यांदा सायकल शिकताना कोणी पाहत तर नाही ना, याची धास्तीही येईल. तो मजकूर वाचायला मिळेपर्यंत ‘फुल टिल्ट’ वाचताना, रोझ ज्या अंगणांपाशी थांबली तिथे दाराआडून तिच्याकडे पाहणाऱ्या मुली कोण होत्या, हा प्रश्न वाचकाने स्वतःच विचारायचा आहे.